साहेब रजेवर गेल्यावर काय होतं?

या महिन्यातली बरीच पत्रं 'साहेब' या एका माणसाभोवती फिरतात. कोणी नव्यानं साहेब झालंय, कोणी साहेबाच्या हाताखाली भरडलं जातंय. त्यातली चार इथे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण इतर अनेकांचीही असणार.

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. मालाडला आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात नोकरी करते. एप्रिलमध्ये मला टीम लीड केलं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खात होते ते नऊ जण आता माझ्या हाताखाली आहेत. कुणावर काही लादायचं नाही असं मी ठरवलं, म्हणून सगळं विचारून करते. पण सोमवारची मीटिंग दीड तास चालते आणि ठरत काहीच नाही. दोन नवी मुलं प्रत्येक क्लेमला उठून माझ्याकडे येतात. ५२ वर्षांचे एक सहकारी आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. हे पद त्यांना मिळेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. ते आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. मॅनेजर म्हणतात, "जरा कडक हो." ते माझ्या स्वभावात नाही. ही जबाबदारी सोडून द्यावी का?

उत्तर : सोडू नकोस. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते.

मॅनेजर सांगतात सगळ्यांशी कडक वाग, तू ठरवलंस सगळ्यांना विचारून वागायचं. दोघंही नऊ माणसांना एकच रीत लावताय. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली, शेवटची वर्षं मेट्रन, म्हणजे नर्सेसची प्रमुख, म्हणून. तिथे एका वॉर्डात, एकाच पाळीत मला वेगवेगळ्या तऱ्हांनी वागावं लागे. नुकतीच पास होऊन आलेल्या नर्सला इंजेक्शनच्या डोसबद्दल "तुला काय वाटतं?" असं विचारणं हा तिच्यावर आणि पेशंटवर अन्याय आहे. तिला सांगायचं, करून दाखवायचं, तिच्या तोंडून परत वदवून घ्यायचं, मग तिच्या हातून करवून घेताना शेजारी उभं राहायचं. वीस वर्षं आयसीयू सांभाळलेल्या सिस्टरच्या शेजारी मी तशीच उभी राहिले तर तिचा अपमान होतो. तिला "आज चार नंबरकडे जास्त लक्ष लागेल" एवढं पुरतं. आणि या दोघींच्या मधली एक असते. हात चांगला, पण एकटीनं नाइट करायची म्हटली की घाबरते. तिला पुन्हा शिकवत बसायची गरज नसते, रात्री एकदा फोन करून "कसं चाललंय?" विचारलं की ती उभी राहते.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९मध्ये हाच विचार मांडला. समोरच्याला ते काम किती येतं आणि ते करायची त्याची तयारी किती आहे, हे पाहून प्रमुखानं आपली वागण्याची रीत बदलावी, असं त्यांचं म्हणणं. आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत ते शिकवतात. त्यातला एक भाग मात्र लोक विसरतात, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो : माणसावर एकदाच शिक्का मारायचा नसतो, प्रत्येक कामापुरतं पाहायचं असतं. वॉर्डातले कागद कॉम्प्युटरवर आले तेव्हा आयसीयूच्या त्याच जाणत्या सिस्टरचे हात माउसवर थरथरत होते. त्या कामात ती नवखी होती. तिला धीरानं, एकेक पायरी करत शिकवलं ते दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलीनं.

आता तुझ्या टीमकडे पाहू. ती दोन नवी मुलं प्रत्येक क्लेमला उठतात, कारण कुठला निर्णय आपण घ्यायचा आणि कुठला विचारून, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. त्यांना तुझ्या समजूतदारपणाचा आज काही उपयोग नाही, त्यांना स्पष्ट सूचना हव्यात. अमुक रकमेपर्यंत, अमुक आजारात, कागद पूर्ण असतील तर पुढे पाठवा. यातलं काही बसत नसेल तर अडवून ठेवा आणि अकरा, एक, चार अशा तीन वेळांना एकत्र घेऊन या. हे एका पानावर लिहून दे. महिन्याभरानं रकमेची मर्यादा वाढव आणि ती का वाढवलीस तेही सांग. सूट कशामुळे मिळाली हे कळलं की पोरं आपोआप पुढचं शिकायला बघतात.

तुमच्या कामात घड्याळही आहे. विमा नियामकानं २०२४मध्ये कंपन्यांना घालून दिलं की कॅशलेसच्या (रुग्णालयाचं बिल कंपनीनं थेट भरण्याच्या) विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. बिलिंग काउंटरसमोर कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पेशंटचं सलाइन काढलेलं असतं, टॅक्सी थांबलेली असते आणि सगळे मालाडच्या किंवा आणखी कुठल्या ऑफिसातून येणाऱ्या एका 'हो'ची वाट पाहत असतात. त्या एका तासात सगळ्यांची मतं घेणं म्हणजे त्या माणसांना ताटकळत ठेवणं. तिथे एकानं ठरवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ते एकानं म्हणजे तू. हार्ट बंद पडलेल्या पेशंटच्या खाटेशीही असंच असतं. एक जण मोठ्यानं सूचना देतो, दुसरा ऐकलेलं परत बोलून दाखवतो आणि करतो. त्यात कुणाला हुकूमशाही वाटत नाही. सगळं आटोपल्यावर मात्र चहा घेऊन बसायचं आणि काय चुकलं, काय जमलं हे सगळ्यांनी बोलायचं, अगदी ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनीसुद्धा. ते बोलणं झालं नाही तर पुढच्या वेळी तीच धावपळ.

सोमवारच्या मीटिंगबद्दल. दीड तासात काही ठरत नाही याचा दोष तुझ्या विचारण्याला देऊ नकोस. विचारताना निर्णय कुणाचा हे तू सांगत नाहीस, म्हणून बोलणं भरकटतं. १९५८मध्ये रॉबर्ट टॅननबाम आणि वॉरन श्मिट या अमेरिकी अभ्यासकांनी हे एका रेषेवर मांडून दाखवलं होतं. एका टोकाला साहेब ठरवून नुसतं कळवतो, दुसऱ्या टोकाला आखून दिलेल्या मर्यादेत टीम स्वतः ठरवते, आणि मधे अनेक पायऱ्या. पायरी कुठलीही असो, ती लोकांना आधी कळली पाहिजे. मत मागून घ्यायचं आणि निर्णय आधीच झालेला असायचा, यासारखं मन मोडणारं दुसरं काही नाही. त्यापेक्षा सरळ सांगितलेला हुकूम बरा.

आमच्या वॉर्डात इमर्जन्सी ट्रॉली दर पाळीला तपासायची की नाही यावर चर्चा नव्हती. तपासायची, सही करायची. कुठल्या कंपनीचे ग्लोव्हज बरे पडतात यावर मी मत घ्यायची आणि वर शिफारस करायची. सणांच्या रजा मात्र मी पूर्ण मुलींवर सोपवल्या होत्या. कोकणातल्या मुलींना गणपतीत गाव गाठायचं असे, वसईच्या आणि केरळच्या मुलींना नाताळ हवा असे, कुणाला ईद. मी फक्त प्रत्येक पाळीला किमान किती जणी हव्यात तो आकडा फळ्यावर लिहायची. कोण कुणाची नाइट उचलणार, बदल्यात काय, हे त्या आपापसात ठरवत. मी वाटलेल्या रजांवर रुसवे होत, त्यांनी वाटलेल्या रजांवर क्वचितच. या सोमवारी तूही अजेंड्यावर प्रत्येक मुद्द्यापुढे लिही : 'मी ठरवलं आहे', 'मत हवं आहे, ठरवणार मी', 'तुम्ही ठरवा'. बघ किती वेळात उठता ते.

काकांचं प्रकरण नाजूक आहे आणि ते मीटिंगमध्ये सुटणार नाही. त्यांना एकटं गाठ, शक्यतो ऑफिसबाहेर, आणि आडवळणं घेऊ नकोस. "हे पद तुम्हाला मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. तुम्हाला किती लागलं असेल याची मला कल्पना आहे." एवढं बोल आणि थांब. ते कदाचित काहीच बोलणार नाहीत. चालेल. "तुमच्या मार्गदर्शनाखालीच सगळं चालणार" असली गोड वाक्यं मात्र टाळ, ती त्यांना झोंबतील. त्यांना खरं काम दे, त्यांच्या अनुभवाशिवाय होणार नाही असं. नाकारलेले क्लेम तक्रार होऊन परत येतात, काही विमा लोकपालांपर्यंत जातात. ती सगळी प्रकरणं काकांकडे दे, अधिकारासकट. तुझ्या सहीसाठी त्यांना फायली घेऊन तुझ्यापुढे उभं करू नकोस. आणि वरच्या बैठकीत त्या कामाचा विषय निघेल तेव्हा त्यांचं नाव घे, ते तिथे नसले तरी. असं बोललेलं कानावर येतंच.

राहिला स्वभाव. मऊ स्वभावाची माणसं काम करवून घेऊ शकत नाहीत ही समजूत मी अनेक चांगल्या सिस्टरांना मागे ओढताना पाहिली आहे. तुझा आवाज बदलायची गरज नाही. ठरलेलं लिहून ठेव आणि त्याप्रमाणे झालं का ते ठरल्या दिवशी विचार, दर वेळी, न चुकता. पाठपुरावा करणाऱ्या मऊ माणसाचा शब्द लोक पाळतात.

प्रश्न : साकीनाक्याला एका गाळ्यात प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या मशीन्सचा, सुपरवायझर आहे. मालक सगळ्यांसमोर ओरडतात, अगदी आईवरून. म्हणतात, आवाज चढवल्याशिवाय इथे काम होत नाही. वाईट याचं वाटतं की त्यांचं म्हणणं खरं ठरतं. ते दोन दिवस गावाला गेले की माल निम्म्यावर येतो. मग त्यांचीच पद्धत बरोबर म्हणायची का?

उत्तर : दादा, ते गेल्यावर माल निम्म्यावर येतो, हा त्यांच्या पद्धतीविरुद्धचा पुरावा आहे. कुर्ट लेविन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. ज्यू होते, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, १९३३मध्ये, जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. हुकमत माणसांचं काय करते हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. त्यांनी आणि रोनाल्ड लिपिट, राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांनी आयोवामध्ये शाळकरी मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली आणि वेगवेगळ्या वृत्तीचे प्रमुख नेमले. एक प्रमुख सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडणारा, एक मुलांबरोबर ठरवणारा, एक नुसता बाजूला बसणारा. १९३९मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. हुकूम सोडणाऱ्याच्या समोर मुलं काम करत होती, पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. बरोबर ठरवणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो असो-नसो, कामात फारसा फरक पडत नव्हता. हुकमाखालच्या काही गटांत मुलं आपला राग आपल्यातल्याच एखाद्या मुलावर काढू लागली. तुमच्या गाळ्यातला हेल्पर सध्या कुणाकुणाचं ऐकून घेतो, ते जरा बघा.

दुसरं नुकसान तुमच्या मालकांना दिसत नसणार. ओरडणाऱ्यापासून लोक चुका लपवतात. डायला (मशीनमधल्या साच्याला) तडा गेलेला फिटरनं पाहिला, पण सांगितलं तर आधी शिव्या त्यालाच, म्हणून तो पाळी संपेपर्यंत गप्प राहतो आणि तोपर्यंत निघालेला सगळा माल रिजेक्शनमध्ये. ॲमी एडमंडसन या अमेरिकी अभ्यासक बाईंना रुग्णालयांचा अभ्यास करताना एक विचित्र गोष्ट आढळली : चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. तिथली माणसं चुका सांगायला घाबरत नव्हती, हे त्याचं कारण त्यांना पुढे उलगडलं. १९९९च्या त्यांच्या लेखानंतर हा विचार जगभर पोचला. मला तो वाचायच्या आधीपासून पटलेला होता. वॉर्डात चुकीची गोळी दिली गेली तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे. त्यासाठी मी नियम केला होता : जी स्वतः येऊन सांगेल तिला त्या क्षणी कुणीही रागवायचं नाही, डॉक्टरांनीसुद्धा. आधी पेशंट. चौकशी नंतर, दार लावून.

मालकांना बदलणं तुमच्या हातात नाही, आणि त्यांच्या डोक्यावर ऑर्डरची तारीख, अडकलेली बिलं आणि बँकेचा हप्ता आहे हेही मला दिसतं. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा : रागवायचं ते केबिनमध्ये. मागताना तुम्ही एक जबाबदारी घ्या. रिजेक्शनचा आकडा रोज लिहून आठवड्याच्या शेवटी त्यांना दाखवा, शब्दांपेक्षा ते कागदावर लवकर विश्वास ठेवतील. तुमच्या पातळीवर, सकाळी मशीन चालू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करा, आज कुठला जॉब आहे आणि तो कुणाकडे जाणार आहे ते सांगा, आणि सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) विचारा काय कमी आहे. त्यानं मागितलेलं एक तरी त्या दिवशी मिळवून द्या. मालक नसतानाचा आकडा हलू लागेल तो इथून.

एका ठिकाणी आवाज चढवायला माझी पूर्ण परवानगी आहे. प्रेसखाली कुणाचा हात जाताना दिसला तर ओरडा, मशीन बंद करा, समोर कोण आहे ते बघू नका. तुटलेली बोटं रुमालात गुंडाळून आलेली पोरं मी पाहिली आहेत, वीस-बावीस वर्षांची. गार्ड काढून मशीन चालवायचं नाही, या बाबतीत मालकांचंसुद्धा ऐकू नका.

प्रश्न : मी सरकारी कार्यालयात अधीक्षक आहे. माझ्या आधीचे गृहस्थ माझ्यापेक्षा कितीतरी कडक होते, त्यांना लोक 'शिस्तीचे' म्हणत. मी उशिरा येणाऱ्यांना जाब विचारला की 'खडूस बाई'. मी गोड बोलायला शिकू का?

उत्तर : नाही, ताई. तुम्हाला टोचतंय तो अन्याय आहे आणि तो तुमच्या बोलण्यातून आलेला नाही. बाईनं मायेनं वागावं ही अपेक्षा खुर्चीपर्यंत पाठलाग करत येते. माया केली तर कमकुवत, नाही केली तर खडूस. तुम्ही एवढंच तपासा की जाब सगळ्यांना सारखा विचारला जातोय ना. कर्जत-कसारा लोकल रखडल्यामुळे उशीर झालेली बाई आणि खाली पानाच्या टपरीवर रेंगाळलेला माणूस यांना एकाच मापानं मोजलंत तर लोकांची तक्रार खरी ठरेल. तसं होत नसेल तर निर्धास्त राहा. आणि तुमच्या हाताखालच्या एखाद्या तरुण मुलीला कुणी 'खडूस' म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबवा.

प्रश्न : बॅलार्ड इस्टेटला एका कस्टम क्लिअरिंग एजन्सीत आहे. नवे साहेब कशातच लक्ष घालत नाहीत. काहीही विचारलं तरी "तुम्ही बघून घ्या." मित्र म्हणतात, नशीबवान आहेस, स्वातंत्र्य आहे. मला मात्र रात्री झोप लागत नाही. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर अडकला की डेमरेज (माल उचलायला उशीर झाल्याचा आकार) चढत जातं आणि उत्तरं मीच देतो.

उत्तर : तुमची झोपमोड बरोबर सांगतेय. विश्वासानं सोपवणं आणि अंग काढून घेणं लांबून सारखंच दिसतं. जवळून पाहायचं असेल तर चर्चगेटला दुपारच्या आधी उभे राहा. आपले डबेवाले १८९०पासून हे काम करतात, आणि रोज कुणी साहेब त्यांच्यामागे उभा नसतो. प्रत्येक टोळी आपला भाग स्वतः सांभाळते, डब्यावरच्या खुणा वाचून डबा योग्य इमारतीत, योग्य मजल्यावर जातो. पण टोळीला मुकादम असतो. तो स्वतः ते काम करून वर आलेला असतो. कुणी आजारी पडला तर त्याची लाइन कोण करणार, गिऱ्हाइकाची तक्रार आली तर काय, दोघांचं भांडण कसं मिटवायचं, हे त्याच्याकडे येतं. माणसं मोकळी आहेत, कारण अडलं तर कुणाकडे जायचं ते त्यांना पक्कं माहीत आहे.

तुमच्या साहेबांना भेटून तीन गोष्टी विचारा. किती रकमेपर्यंतचा निर्णय माझा? त्यापुढे गेलं आणि तुम्ही फोनवर नसाल तर कुणाला विचारू? आणि आठवड्यातून कुठल्या दिवशी, किती वाजता आपण अडकलेली प्रकरणं एकत्र बघायची? त्यांनी तिन्हींची उत्तरं दिली आणि तो वार पाळला, तर हे स्वातंत्र्य खरं आहे, त्याचा पुरेपूर फायदा घ्या, लवकर मोठे व्हाल. उत्तरं टाळली, तर दर शुक्रवारी तुम्हीच एक मेल पाठवायला सुरुवात करा : अडकलेले कंटेनर, रोजचं चढणारं डेमरेज, आणि शेवटी 'यावर तुमचा निर्णय हवा' असा वेगळा रकाना. त्यात प्रत्येक प्रकरणापुढे तुम्ही सुचवलेला मार्ग लिहा आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत उत्तर आलं नाही तर त्याच मार्गानं पुढे जात आहे, हेही लिहा.